छोट्या लाइनीचा वारसा व्हावा असं वाटत असेल तर

सर्वांत आधी त्या अरुंद रुळांच्या गाडीला डोंगरात जन्म घ्यायला सांगा. सपाटीवर जन्मलेल्या गाडीचं पुढे काही होत नाही, हे आम्ही ग्वाल्हेरकर अनुभवाने सांगतो.

दार्जिलिंगची बघा. रूळ दोन फुटी, आपल्या छोट्या लाइनीसारखेच. पण तिने १८८१ साली हिमालय गाठला आणि नशीब काढलं. चढ झेपेना की ती पुढे जाते, उलटी सरकत वरच्या टप्प्यावर येते, पुन्हा पुढे. पंगतीत जागा शोधणाऱ्या काकांसारखी. रूळ ओले झाले की इंजिनाच्या तोंडाशी बसलेली माणसं हाताने त्यांवर वाळू टाकतात. हे डोंगरात दिसलं की वारसा. आपल्याकडे दिसलं असतं तर चौकशी बसली असती. १९९९ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला, आणि ७,४०७ फुटांवरच्या घूम स्टेशनात म्युझियमही आहे.

आपली लाइन ग्वाल्हेर ते श्योपूर, जवळजवळ दोनशे किलोमीटर. दार्जिलिंगची ८८. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत घातलेली, १९०९ मध्ये श्योपूरला टेकलेली. पण तिने एक घोडचूक केली: शंभरावर वर्षं लोकांच्या उपयोगी पडली.

म्हणून दुसरा सल्ला: गाडीत गरजू माणूस बसू देऊ नका. आमच्याकडे तर डब्यात मावेनात म्हणून लोक टपावर बसत. जौरा, कैलारस, सबलगढ, प्रत्येक ठिकाणी खालून पिशवी वर, वरून हात खाली, आणि मग धोतर सावरत एक आजोबा वर. आता हे काचेच्या कपाटात कसं मांडणार? २०२० मध्ये गाडी थांबली, मोठ्या लाइनीसाठी, म्हणजे रुंद रुळांसाठी. (मोठी लाइन हवीच होती. श्योपूरच्या आत्याकडे पोचायला अख्खा दिवस घालवलेल्या माणसाने खोटं बोलू नये.)

तिसरा आणि खात्रीचा सल्ला: गाडी चांदीची करा. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली बघा. जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर चांदीचं इंजिन, मागच्या वाघिणींत ब्रँडीच्या सुरया आणि चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबणार, परत ठेवली की चालू. ना आरक्षण, ना बकऱ्या, ना कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतंय. हिला तिकीट काढून बघायला माणसं येतात. पाहुणे आले की आम्हीही त्यांना तिथेच नेतो.

परवा पुण्याचा भाचा आला होता. वाटेत त्याला टपावरच्या प्रवासाचं सगळं रंगवून सांगितलं, मग राजवाड्यात नेऊन गाडीसमोर उभा केला. त्याने दोनदा टेबलाभोवती फेरी मारली, वाकून डबे पाहिले.

"मामा," तो म्हणाला, "पण हिला टप कुठाय?"