घोडा तोच, सरदार दुसरा

कमी पैशातला तलवारबाजीचा पिक्चर एकट्यानं पाहिला तर दीड तासात संपतो. गावात चारचौघांत बसून पाहिला तर आठवडाभर चालतो. हिंदीत डब केलेला, कुठल्याशा युरोपी राजाचा, पडका किल्ला, गडप झालेला खजिना, एक राजकन्या आणि पोस्टरवर आग ओकणारा ड्रॅगन. असा पिक्चर दुपारी टीव्हीवर लागला, किंवा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना कुण्या पोट्ट्यानं पेनड्राइव्हवर आणला, की माझ्या छातीत धस्स होतं. भीती पिक्चरची नाही. तो संपल्यावर "कसा वाटला?" असं विचारणारा एखादा भोळा जीव दर घरात असतोच, त्याची भीती.

एकमत होत नाही, राजेहो. आणि ते कथेवरून बिनसत नाही, नटांवरून तर नाहीच. ज्याच्या धंद्यात पिक्चरवाल्यानं हात घातला त्याच्या लेखी पिक्चर बोगस. शेजारी बसलेल्याला तोच झकास वाटतो, कारण त्याच्या धंद्याची पाळी अजून यायची असते.

सगळ्यात आधी बिघडतो लोहार. विसाव्या मिनिटाला तलवार घडवायचा प्रसंग येतो आणि तो बहुतेक वेळा एकाच तऱ्हेनं चुकतो. भट्टीतून नारिंगी रस काढायचा, साच्यात ओतायचा, साचा उघडला की तलवार तयार. आता लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. भात्यानं फुंकलेल्या कोळशाच्या उघड्या भट्टीत ते लाल होतं, पिवळं होतं, मऊ पडतं, पण रस होऊन वाहत नाही. कुठून तरी ओतीव लोखंड मिळवून तलवार केलीच, तर ती ठिसूळ निघते आणि पहिल्याच दणक्याला तिचे दोन तुकडे. तलवार ऐरणीवरच घडते. तापवा, ठोका, पुन्हा तापवा, आकार आला की पाणी द्या, आणि पाणी दिल्यावर पुन्हा थोडी ऊब देऊन कडकपणा उतरवा, नाहीतर धार उडते. ज्यानं जन्मभर विळे, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा केल्या, त्याला हे सहन होत नाही. "याचा तर इळा बी नाही होत बे," म्हणून तो तंबाखू मळायला बाहेर जातो.

तो परत येतो तेव्हा लढाई सुरू असते आणि आणखी दोन गोष्टी त्याची वाट पाहत असतात. एका हाती धरायची खरी तलवार किलो-सव्वा किलोची, दोन्ही हातांनी चालवायची दीडच्या आसपास. पडद्यावरचा नायक मात्र ती अशी कुंथत उचलतो की जणू घण उचलतोय. हातात असते ॲल्युमिनियमची, आणि पळण्या-पडण्याच्या शॉटला चक्क रबराची. पळताना पात्याच्या शेंड्याकडे पाहा, लवलवतं. दुसरी गोष्ट आवाजाची. म्यान लाकडाचं, वरून चामडं, त्यातून पातं काढलं तर फार तर सरकल्यासारखा आवाज येईल. तो खणखणीत "श्रिंग" नंतर स्टुडिओत चिकटवलेला असतो. इतकं असूनही किल्ला, राजकन्या, ड्रॅगन यांच्याबद्दल लोहाराची एका शब्दाची तक्रार नसते. त्याला ते सगळं पटलेलं असतं.

घोड्याचं प्रकरण याहून नाजूक. घोडे भाड्यानं येतात, सोबत त्यांचा सांभाळणारा, चारा आणि वाहतूक. म्हणून चार घोड्यांत दोन फौजा भागवतात. सकाळी नायकाच्या घोड्यावर लाल झूल, जेवणानंतर तेच जनावर काळी झूल पांघरून खलनायकाकडे. शहरातल्या माणसाला झूल दिसते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोड्या पाहण्यात हयात घालवलेल्या काकाजींना झूल दिसतच नाही. त्यांना दिसतो कपाळावरचा चांदवा, घोट्यापर्यंत पांढरा असलेला मागचा डावा पाय, शेपटीचा झुबका. "हा तर मघाचाच घोडा होय गा," ते शांतपणे सांगतात, "यानं पार्टी बदलली." मग बाकीच्यांचं लढाईवरचं लक्ष उडतं आणि सगळे पाय मोजत बसतात.

काकाजींचा दुसरा आक्षेप पळण्यावर. नायक रात्रभर भरधाव घोडा फेकतो आणि पहाटे किल्ल्यासमोर उतरतो. खरा घोडा भरधाव पाच-सहा किलोमीटर गेला की संपतो. लांबचा पल्ला चाल आणि दुडकी आलटूनपालटून, मधे पाणी पाजून मारावा लागतो, आणि नुसत्या चालीनं तासाला सहा-सात किलोमीटरच होतात. पिक्चरातल्या घोड्याच्या तोंडाला ना फेस, ना मानेवर घाम. येणार कुठून? कॅमेऱ्यासमोर तो शंभर पावलं पळालेला असतो, पुन्हा पुन्हा त्याच झाडापासून त्याच दगडापर्यंत. ते झाडही काकाजी दाखवून देतात.

रात्रीच्या प्रसंगाला वेगळा माणूस उठतो. ज्याच्या वावरात मोटारीची लाइन रात्रीची आहे आणि ज्यानं रानडुकरांपायी माचावर बसून जागल केली आहे, त्याला चांदणं शिकवायची गरज नसते. रात्री शूटिंग करायचं म्हणजे मोठाले दिवे, जनरेटर, माणसांची जास्तीची मजुरी. त्यापेक्षा भर दुपारी शूट करून चित्र काळसर-निळं करणं स्वस्त. ओळखायची खूण सोपी आहे. सावल्या आखूड आणि टोकदार पडतात, पानं चमकतात, आभाळ शक्यतो चौकटीत घेतलेलं नसतं, आणि हातातली मशाल जळत असली तरी तिचा उजेड बाजूच्या भिंतीवर पडत नाही. "बाराची रात होय का दुपार?" हा प्रश्न आला की समजावं, आणखी एक मत विरोधात गेलं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर सगळ्यात भक्कम टीका हमालाची. खजिन्याची पेटी दोन माणसं कड्या धरून पळत नेतात, हे त्याला अपमानास्पद वाटतं आणि हिशेब त्याच्या बाजूनं आहे. लांबी, रुंदी, उंची एकेक फूट असलेल्या पेटीत साधारण 28 लिटर माल मावतो. सोनं पाण्याच्या 19 पटीनं जड. गच्च भरली तर पेटी 540 किलोच्या घरात जाते, नाण्यांमधल्या फटी सोडल्या तरी 300 च्या वर. पडद्यावरची पेटी तर याच्या दुप्पट-तिप्पट असते. धान खरेदी केंद्रावर 40 किलोचे धानाचे कट्टे पाठीवर वाहणारा माणूस ओझं पेटीवरून ओळखत नाही, उचलणाऱ्याच्या गुडघ्यावरून ओळखतो. "त्याईचे गुडघे पाहा, खाली पेटी आहे का डबा?" हाच माणूस किल्ल्यावरून फेकलेले धोंडे पाहून खो-खो हसतो. धोंडा जमिनीवर पडून टुणकन उडाला की आत फोम आहे हे सांगायला त्याला कुणी लागत नाही.

बायकांचं मत सहसा विचारलं जात नाही, पण ते चुलीपासून पडद्यापर्यंत पोचतंच. शिलाई मशीन चालवणाऱ्या मावशीला राजकन्येच्या बाहीच्या आतली इंटरलॉकची शिलाई दिसते. शिवणयंत्र बाजारात आलं ते 1850 च्या सुमारास, आणि पडद्यावर सुरुवातीलाच सन 1100 असं लिहिलेलं असतं. मखमल म्हणून जे घातलंय ते पडद्याचं कापड आहे हेही ती भाव सांगून सिद्ध करते. मेजवानीत मक्याची कणसं आणि उकडलेले बटाटे मांडलेले असतात. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 ला, ही दोन्ही पिकं युरोपात गेली त्यानंतर. मावशीला कोलंबसाशी देणंघेणं नाही. तिची तक्रार एवढीच, की राजाच्या पंगतीत एकही माणूस हात धुऊन बसला नाही.

किल्ल्याच्या दरवाजाबद्दल जास्त बोलत नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या जटपुरा गेटातून जो रोज ये-जा करतो, त्याला रागानं ढकलल्यावर भिंतीसकट थरथरणारा दरवाजा दाखवणं हाच मुळात आगाऊपणा आहे.

आपल्याकडचे असले पिक्चर याहून बरे असतात असंही नाही. सरदार दौडत निघतो आणि मागं नाल्याकाठी बेशरमची झुडपं जांभळ्या फुलांनी डवरलेली. हे झाड अमेरिका खंडातलं. गाजर गवत तर भारतात 1950 च्या दशकात दिसू लागलं, तरी बहमनी काळातल्या मावळतीला ते कंबरभर वाढलेलं असतं. आणि गावातून जाणाऱ्या गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला. तिथं मात्र सगळे एकदिलानं हसतात, कारण त्या बिल्ल्यासाठी प्रत्येकानं आपली गाय धरून ठेवलेली असते.

आता झाडीपट्टीवाले, म्हणजे पूर्व विदर्भातले नाटकवाले. यांचं मत ऐकायला मी मुद्दाम थांबतो. पिक्चर स्वस्त आहे याचा त्यांना अजिबात राग नसतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं करतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. राजवाडा रंगवलेल्या पडद्याचा असतो, वारा सुटला की खांब पोटात घेतल्यासारखे आत जातात, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. पाच माणसांची फौज तिथं फौजच असते. त्यामुळे तीस माणसांना कॅमेऱ्यामागून फिरवून पुन्हा पुन्हा समोरून नेलं, मेलेला शिपाई पुढच्या शॉटला ढाल घेऊन उभा राहिला, तर ते मान डोलावून माफ करतात.

त्यांचं भांडण निराळं. नायक तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. डबिंगमध्ये ओठ मिटणारी अक्षरं, प, ब, म, जुळवायला पाहिजेत, तर इथं ओठ मिटलेले आणि आवाज "आ" करतोय. एकाच माणसानं राजा, पुजारी आणि भालदार अशा तिघांना आवाज दिलाय हे ऑर्गनवाला दुसऱ्या वाक्याला पकडतो. आणि सगळ्यात मोठा गुन्हा ड्रॅगनचा. सेकंदाला 24 चित्रं या हिशेबानं मिनिटभर ड्रॅगन दाखवायचा म्हणजे 1440 चित्रांत तो बसवणं आलं. खवले, धूर, प्रकाश, सावली, सगळं जुळवून. तेवढा पैसा नसतो. म्हणून तो धुक्यात येतो, अंधारात येतो, नुसती शेपटी येते, नाहीतर त्याची सावली पडते आणि लोक आभाळाकडे पाहून किंचाळतात. "दाखवाचा नव्हता त पोस्टरवर कायले काढला?" हा सवाल बिनतोड आहे. झाडीपट्टीत राक्षस गोणपाटाचा असेल, पण एकदा आला की प्रवेश संपेपर्यंत जात नाही.

पोट्ट्यांच्या मते पिक्चर एक नंबर. ते फक्त मारामाऱ्या पाहतात, बाकीचा पळवतात. मारामारीत कॅमेरा थरथरतो आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला चित्र बदलतं, कारण नटांना तलवार चालवता येत नाही. पोट्ट्यांना वाटतं, काय स्पीड आहे! त्यांना समजावायला जाऊ नये.

वाईट एवढंच, की असले पिक्चर जितके पडतात तितका त्यांचा दुसरा भाग हमखास निघतो, तोही अर्ध्या पैशात. पहिल्या भागातलीच घोडदौड डावी-उजवी फिरवून पुन्हा वापरतात. कुणाला कळू नये म्हणून तुकडे लहान ठेवतात. पण फिरवलेल्या शॉटमध्ये सगळे शिपाई एकाएकी डावरे होतात, आणि घोड्याचा पांढरा पाय डावीकडून उजवीकडे जातो. त्यासाठी काकाजींना बोलावून घ्यावं लागतं. ते चहा संपायच्या आत सांगतात.