चकती उरली, गेम गेला
एका लेखात म्हटलंय, डिजिटल (म्हणजे इंटरनेटवरून उतरवायचा) गेम घेतला की सीडी सांभाळायची कटकट संपली. बरोबर, पण गेमच संपला तर? युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण सगळंच ऑनलाइनवर टांगलेलं. ज्यांनी डिस्क विकत घेतली त्यांच्याकडे नुसती चकती उरली! कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल गेम 'विकत घ्या' म्हणणाऱ्या विक्रेत्याला सांगावंच लागतं, की हा फक्त वापरायचा परवाना आहे, मालकी नाही. ठीक, मग किंमतही भाड्याचीच लावा ना. माझ्या जुन्या सीडी (बुरशी धरलेल्या दोन सोडून) अजून चालतात. भाचा आला की त्याच लावतो. बायकोच्या मते तो जुना कॉम्प्युटर अडगळ आहे, ते वेगळं.