मामा तलावावर सारस पूल कसा बांधावा

ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की गाव शहर होतं. शहर झालं की तलावाचं सौंदर्यीकरण आलं, आणि सौंदर्यीकरण म्हटलं की पूल आलाच. पलीकडे जायचं असतं म्हणून बांधतात तो नाल्यावरचा पूल. तलावावरचा पूल फोटो काढण्यासाठी असतो, एवढं मनाशी पक्कं केलं की निम्मं काम झालं.

आधी प्रेरणा शोधा. ती निसर्गातूनच यायला हवी, सध्या बाजारात तोच माल चालतो. तुम्ही भंडारा-गोंदियाकडचे असाल तर डोळे मिटून सारस घ्या. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, जोडीनं राहणारा, आणि महाराष्ट्रात आता आपल्याच बाजूला काय तो उरलेला. पुलाच्या दोन टोकांना मान वाकवलेले दोन सारस, पंखांच्या तारांना टांगलेला पूल. कागदावर झकास उठून दिसतं. खरा सारस पाणगवतात नाहीतर धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणून काठावरचं गवत आधी जेसीबीनं साफ करून घ्या. काँक्रीटचे सारस उभे करायचे तर मशीनला जागा नको का?

सभेत सिंगापूरचा हेलिक्स पूल दाखवा. 2010 चा, 280 मीटर लांब, डीएनएच्या पिळावरून बेतलेला. डीएनए म्हणजे काय हे भर सभेत कोणी विचारत नाही, त्यामुळे ठराव लवकर पास होतो. मेघालयातला मुळांचा पूल मात्र चुकूनही दाखवू नका. तिथले खासी लोक ओढ्याकाठच्या रबराच्या झाडाची मुळं हळूहळू पलीकडे वळवत नेतात. चालण्याजोगा पूल व्हायला 15 वर्षं तरी जातात, आणि मग तो जुना होईल तसा मजबूत होत जातो. आपल्या बॉडीची मुदत 5 वर्षं. त्यात दुरुस्तीचं टेंडर कधी निघायचंच नाही. असल्या पुलावर कोणाचं घर चालणार?

एखादा नवशिका इंजिनिअर लंडनच्या मिलेनियम पुलाचं नाव काढेल. तो 10 जून 2000 ला खुला झाला. माणूस चालताना थोडा डावी-उजवीकडे झुकतोच. त्यानं पूल जरा डोलला, तोल सांभाळायला लोक त्याच तालात पाय टाकू लागले, पूल आणखी डोलला. दोन दिवसांत बंद! हादरे शोषणारी यंत्रं बसवून 2002 मध्ये परत उघडला. आणि लंडनवाले नुसते चालत होते हो. आपल्या पुलावरून गणपती जाणार, पुढं डीजे. गर्दीच्या पादचारी पुलाला चौरस मीटरमागे 500 किलो भार धरतात, म्हणजे अंगापिंडानं बऱ्या अशा सात-आठ जणांचा. डीजेपुढं तेवढ्या जागेत पोरं किती मावतात, आणि मावून वर उड्या किती मारतात, हे मोजायला अजून कोणी आलेलं नाही. इंजिनिअर फारच घाबरला तर सांगा, सारससुद्धा नाचतोच.

आता पाणी. हा विषय सभेत शक्यतो येऊ देऊ नका.

आपला तलाव मामा, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातला. सरकारी कागदावर 'मा. मा.' लिहिलं, लोकांनी मामा केलं. मग त्याला मामा बनवायला सगळेच मोकळे झाले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी नुसता जमिनीचा उतार वाचून मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घातल्या. वरचा तलाव भरला की जास्तीचं पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कोणाचा हे तेवढं ठरायचं राहिलं. तो अजून तिथंच आहे. त्याला हात लावू नका, पायव्याला बरा पडतो असं ठेकेदार म्हणतो.

पुलावर चढायच्या वाटेची भर नेमकी सलंगावर येईल असं बघा. पाण्याला जायला जागा उरणार नाही, ते पावसाळ्यात पाळीवरून बांधीत शिरेल. शिरू द्या. पुराचा निधी वेगळ्या हेडखाली येतो.

भूमिपूजनाला एखादा म्हातारा ढीवर, म्हणजे मासेमार, हमखास पुढं येईल. "साहेब, होळीपासून तं तलाव आटते. मंग पूल कायले पायजे?" त्याला हार घाला, फोटो काढा, आणि अहवालात 'लोकसहभाग' या रकान्यात लावा.

तिकीट माणशी 10 रुपये ठेवा. एप्रिलमध्ये तोच म्हातारा खांद्यावर जाळं टाकून भेगाळलेल्या तलावातून, पुलाच्या खालून, सरळ पलीकडे जाईल. त्याच्याकडून किती घ्यायचे, हा विषय पुढच्या सभेत आयत्या वेळी घ्यावा.