घरातला आरोपी बाहेरगावी असताना

जोडीदार आठ-दहा दिवसांसाठी बाहेरगावी निघालाय असं कळलं की तुम्ही चेहरा पाडायचा. पण वेळ साधायला हवी. ऐकल्या ऐकल्या पाडलात तर नाटक वाटतं. फार उशीर केलात तर मधल्या काळात तुम्ही मनातल्या मनात पलंगावर आडवेतिडवे लोळून आलात हे समोरच्याच्या लक्षात येतं. दोन सेकंद हे प्रमाण मला अनुभवाने योग्य वाटतं. मग हळूच विचारावं, "इतके दिवस?" लक्षात ठेवा, "किती दिवस?" नाही. "किती" विचारणारा माणूस बेत आखत असतो.

(जोडीदार हा शब्द पुल्लिंगी आहे, त्याला माझा इलाज नाही. तुमची व्यक्ती स्त्री असेल तर क्रियापदं बदलून वाचा. आरोप बदलावे लागणार नाहीत, ते दोन्हीकडे जसेच्या तसे लागू पडतात.)

बॅग भरायला मदत करू नका. दाराच्या चौकटीला टेकून उभं राहा आणि दर पाच मिनिटांनी "चार्जर घेतलास का?" असं विचारा. प्रेम व्यक्त करण्याचे पुष्कळ मार्ग आहेत, त्यातला हा सगळ्यात कमी जोखमीचा. समोरचा वैतागून "हो, घेतला" म्हणेल. चार्जर घरीच राहील. पण तुमचं कर्तव्य झालेलं असेल.

दार लागल्यावरची पहिली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं म्हणजे अख्ख्या विरहातला उत्तम काळ. तो वाया दवडू नका. सगळ्या उशा ताब्यात घ्या. पंखा तुम्हाला हव्या त्या आकड्यावर ठेवा. रिमोट हातात घेऊन, काहीही न लावता नुसते बसा. हे सुख आठ-दहा दिवस पुरवून पुरवून वापरू असं तुम्हाला वाटेल. नाही पुरत. साधारण शेहेचाळिसाव्या मिनिटाला तुम्ही मोठ्याने काहीतरी बोलाल, आणि कुणीही "हं" म्हणणार नाही.

घाबरू नका. इथेच आपला कार्यक्रम सुरू होतो. अशा वेळी स्वतःला कामात गुंतवून घ्यावं असं सगळे शहाणे सांगतात. म्हणून एक यादी करा. वही नवी घ्या, जुन्या वहीत विरह नीट लिहिला जात नाही. यादीत निदान वीस कामं हवीत: कपाट आवरणे, खण आवरणे, फोनमधले फोटो आवरणे, भाषा शिकणे, व्यायाम, ध्यान, वर्षानुवर्षं न वाचलेली पुस्तकं. यादी तयार झाली की ती फ्रिजवर लावा आणि दमलात म्हणून त्या दिवशी विश्रांती घ्या.

दुसऱ्या दिवशी खण उघडा. एकच. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश गृहस्थांनी १९५५ साली एका लेखात मांडलं होतं की हाताशी जितका वेळ असेल तितकं काम फुगत जातं. उदाहरण म्हणून त्यांनी एक निवांत म्हातारबाई घेतल्या होत्या. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात त्यांचा अख्खा दिवस जातो: कार्ड शोधा, चष्मा शोधा, पत्ता शोधा, टपालपेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी का ते ठरवा. लोक हे वाचून हसले. तुम्ही हसू नका, तुमचा आदर्श सापडलाय. तुमच्या खणात जुन्या पावत्या आहेत, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आहेत, मरून पडलेले सेल आहेत. नीट मन लावलंत तर चार दिवस आरामात जातील. प्रत्येक किल्ली घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून बघा. शेवटी सगळं परत त्याच खणात ठेवा, पण ओळीने.

झाडं असतील तर त्यांच्यापासून लांब राहा, ही सूचना मात्र मी मनापासून करतोय. मोकळ्या हातांचा माणूस येता-जाता झाडाला पाणी घालतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिखल झालेली असली की ती गुदमरतात आणि कुजतात. मग पानं पिवळी पडतात, ती बघून तुम्हाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तुम्ही आणखी घालता. एरवी आळशी माणसाच्या हाती सुखात वाढलेली झाडं अशा प्रेमाच्या आठवड्यात जातात.

आता महत्त्वाचं. हा सगळा खटाटोप जोडीदाराची आठवण येऊ नये म्हणून चाललाय. तेव्हा आठवण काढायची नाही असा निर्धार करा. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. गंमत म्हणजे नंतर "आता खुशाल विचार करा" म्हटल्यावर या लोकांच्या डोक्यात, आधी मनाई न झालेल्या लोकांपेक्षा जास्त अस्वलं आली. तुमच्या निर्धाराचंही असंच उत्तम चालेल. फरक इतकाच की तुमचं अस्वल घोरतं, आणि झोपेत पांघरूण ओढून घेतं.

याच वेग्नरने १९८५ साली दोन सहकाऱ्यांसोबत आणखी एक गोष्ट मांडली होती, ती मला जास्त पटते. बरोबर राहणारी माणसं लक्षात ठेवायच्या गोष्टी नकळत वाटून घेतात. मला कात्री कुठे आहे ते माहीत असण्याची गरज नाही, ते कुणाला माहीत आहे हे माहीत असलं की काम भागतं. म्हणजे जोडीदार दाराबाहेर पडतो तेव्हा बॅगेबरोबर तुमची अर्धी स्मरणशक्तीही घेऊन जातो. चार्जर तेवढा ठेवून जातो.

म्हणून तिसऱ्या दिवशी कात्रीसाठी फोन करा. कात्री हवी म्हणून नाही हो. "करमत नाही" असं सरळ सांगायला दोघांनाही अवघड जातं, "कात्री कुठे आहे?" हे कुणालाही विचारता येतं. समोरून उत्तर येईल, "नेहमीच्या जागी." घरात नेहमीच्या जागा किती असतात हे तुम्हाला प्रथमच कळेल. तासाभराने विम्याचे कागद विचारा. संध्याकाळी वायफायचा पासवर्ड. चौथ्या फोनला "तू नक्की काय करतोयस तिकडे?" असा प्रश्न आला तर यादीतली वीस कामं घडाघडा वाचून दाखवा. माणूस कामात असला की आवाज कसा भारदस्त येतो, ते तुमचं तुम्हालाच जाणवेल.

व्हिडिओ कॉलची तयारी वेगळी. कॅमेऱ्याच्या चौकटीत मावेल इतकाच भाग आवरायचा: एक खुर्ची, एक भिंत, एक बरी उशी. बाकीचा पसारा चौकटीबाहेर सरकवा. बोलताना मान वळवू नका, फोन हलवू नका. "घर दाखव ना" अशी मागणी आली तर रेंज जाते. ती आपोआप जात नाही, घालवावी लागते.

एवढं करूनही एक संकट येतं, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणीच सावध करत नाही.

दोन माणसांच्या प्रत्येक घरात काही गुन्हे नित्यनेमाने घडतात, आणि आरोपी ठरलेला असतो. टूथपेस्टचं झाकण उघडं. बाथरूमचा दिवा चालू. रिकामी बाटली फ्रिजमध्ये परत. ओला टॉवेल पलंगावर. तपास करायची कधी वेळच येत नाही, कारण घरात माणसं दोन, आणि त्यातला एक निर्दोष आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

आता आरोपी शेकडो किलोमीटर लांब आहे. आणि चौथ्या दिवशी सकाळी बाथरूमचा दिवा रात्रभर चालू होता असं दिसतं.

डगमगू नका. पहिला बचाव असा की जातानाच चालू ठेवून गेला असणार, आपल्या आत्ता लक्षात आलं. या बचावाला चार दिवस उशीर झालाय, तरी वापरून बघा. पाचव्या दिवशी झाकण उघडं सापडेल तेव्हा म्हणा की त्याच्या संगतीने सवय लागली. हे बरं पडतं, गुन्हा तुमच्या हातून झाला तरी सूत्रधार तोच राहतो. सहाव्या दिवशी फ्रिजमध्ये तीन रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या असतील. तेव्हा फ्रिजचं दार बंद करा आणि यादीतलं ध्यान करायला बसा.

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोंना स्वतंत्रपणे विचारलं होतं की घरातल्या कुठल्या गोष्टीत तुमचा वाटा किती. दोघांचे वाटे एकत्र केल्यावर बहुतेक बाबतींत बेरीज पुऱ्याहून जास्त भरली. केवळ कौतुकाच्या कामांत नाही, भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा वाढवून सांगितला. आपण केलेलं आपल्याला पटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंही नसतं, असं त्याचं एक कारण. मोठी प्रामाणिक जोडपी म्हणायची. आमच्या घरी ओल्या टॉवेलची बेरीज कायम शून्य भरत आली आहे. माझा वाटा शून्य, समोरचाही शून्यच सांगणार, आणि टॉवेल स्वतःच्या पायांनी पलंगावर येतो.

दिवस असे निघून जातात. संध्याकाळ जात नाही. दिवेलागणीला घर खायला उठतं, आणि तेव्हा खणातल्या किल्ल्यांचा उपयोग होत नाही. या वेळी "स्वतःच्या सहवासाचा आनंद घ्या" असा सल्ला मिळतो. घ्या की. २०१४ साली टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं स्वतःच्या विचारांसोबत बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. एक बटण मात्र होतं, दाबलं की विजेचा झटका बसायचा. हा झटका टाळण्यासाठी आम्ही पैसे मोजू असं आधी सांगितलेल्या लोकांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी निदान एकदा तरी ते दाबलं. एका गृहस्थांनी १९० वेळा दाबलं. त्यांना अपवाद म्हणून हिशेबातून वगळलं होतं. माझ्या मते त्यांच्या घरचं माणूस बाहेरगावी गेलेलं असावं. तुमच्याकडे असं बटण नाही, पण फोनवर "शेवटचं केव्हा ऑनलाइन" हे दिसतं. तेवढ्यावर भागवा.

व्यायामाचं राहिलं. तो सुरू करू नका. एकवीस दिवसांत सवय लागते असं लोक सांगतात. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर हे तपासलं तेव्हा अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत गेला. तुमच्याकडे आठ-दहा आहेत. तेवढ्यात पलंगाच्या मधोमध झोपायचीसुद्धा सवय लागत नाही. मी करून पाहिलंय. सगळा पलंग मोकळा असताना सकाळी आपल्याच कडेला, आपल्याच बाजूला तोंड करून जाग येते.

परतीचा दिवस उजाडला की सगळी यादी विसरा आणि शेवटच्या दोन तासांत घर आवरा. या दोन तासांत तुम्ही मागच्या सबंध आठवड्यापेक्षा जास्त काम कराल. पार्किन्सनसाहेबांना उलट्या बाजूनेही दाद द्यावी लागते. बाटल्या भरा, झाकण लावा, दिवा बंद करा. उशा वाटून ठेवा. फ्रिजवरची यादी काढून टाका, किंवा काही कामांवर बरोबरच्या खुणा करा. सगळ्यांवर नको, संशय येतो. बारा ठीक.

बेल वाजेल. आल्या आल्या समोरचा म्हणेल, "छान ठेवलंयस की घर." मान किंचित खाली घाला. मग तो बॅग ठेवायला आत जाईल आणि आतून आवाज येईल, "हा ओला टॉवेल पलंगावर कुणाचा?"

न कचरता म्हणा, "तुझाच."

"मी आत्ता येतोय."

"जाताना टाकून गेला होतास."

"आणि दहा दिवस ओलाच आहे?"

इथे गप्प बसू नका, हसूही नका. चार्जर परत आणलास का, ते विचारा.