'पास्ड' दिसलं म्हणून डिस्क ठणठणीत होत नाही

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "स्मार्टमध्ये 'पास्ड' येतंय ना? मग डिस्क ठीक आहे. तरी एरर आलीच तर एफएससीके मारा, बॅड सेक्टर दुरुस्त होतात. रेड असेल तर तेवढंही नको." (स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणुकीचा छोटा तुकडा; एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासणारी आज्ञा; रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली मांडणी.) यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि त्यावर विसंबून लोकांचा डेटा जातो.

'पास्ड'चा अर्थ एवढाच, की कंपनीने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडलेली नाही. सेक्टर वाचता येत नसतानाही ते येतं. बघायची ती स्मार्टच्या तक्त्यातली १९७ क्रमांकाची ओळ, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल बाकी असलेले सेक्टर. पण तिथलं शून्यही हमी देत नाही. गुगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात निकामी झालेल्या ५६ टक्के डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती.

एफएससीके एरवी फाइल सिस्टिमची मांडणी तपासतं, फाइलमधला मजकूर वाचत नाही. ते चालवण्याआधी कोणती फाइल बिघडली ते शोधा. समजा, डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याचे संदेश) एसडीएवर, म्हणजे पहिल्या डिस्कवर, सेक्टर २५१६८९६० ला एरर आहे आणि पार्टिशन (डिस्कचा विभाग) सेक्टर २०४८ पासून सुरू होतं. वजाबाकी २५१६६९१२. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे ५१२ चे आठ सेक्टर; आठने भागल्यावर ब्लॉक ३१४५८६४. डीबगएफएस या ईएक्सटी४ तपासायच्या साधनात 'आयचेक'ला हा आकडा द्या, आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) मिळतो; 'एनचेक'ला आयनोड द्या, फाइलचं नाव मिळतं. (एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा वाटून देणारा मधला थर, असेल तर त्याचंही अंतर हिशोबात धरा.) जुना लॉग निघाला तर प्रश्न मिटला. डेटाबेसची फाइल निघाली तर आधी डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणाऱ्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत काढा. कारण पेंडिंग सेक्टरवर लिहिलं की डिस्क तो बदलू शकते, पण जुना मजकूर गेलाच. बॅडब्लॉक्स या खराब सेक्टर शोधणाऱ्या आज्ञेला 'डब्ल्यू' (लिहून तपासणी) लावायला सांगणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका, त्याने अख्खी डिस्क पुसली जाते.

राहिली रेड. क्वचित वाचला जाणारा सेक्टर महिनोन्‌महिने गप्प राहतो. दुसरी डिस्क गेली, रेड ५ ची पुनर्बांधणी सुरू झाली, की तो सापडतो, आणि तेव्हा भरून काढायला पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) उरलेली नसते. म्हणून एमडी रेडवर, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडवर, 'चेक' (सगळे सेक्टर वाचून पाहणारी तपासणी) नियमित चालायलाच हवा. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठेवलेला असतो. सर्व्हरवर लोड येतो म्हणून कुणी बंद केला असेल, तर आजच चालू करा.