चहाचा बोनस आणि उसाचे हप्ते

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा मेसेज आला. "तुमच्या केनियात चहावाले हप्त्यानेच पैसे घेतात ना? मग आपल्याकडे एफआरपीच्या हप्त्यांवर एवढा आरडाओरडा कशाला?" तो साखर कारखान्याचा संचालक आहे, त्यामुळे प्रश्न सहज विचारलेला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तरी हप्त्यांचा विषय मिटलेला नाही. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी केरिचो काउंटीत राहतो, लितेन गावाजवळ. चहा कारखान्यांचे बॉयलर दुरुस्त करतो. आधी शिरोळ भागात उसाच्या चिपाडावर चालणारे बॉयलर सांभाळायचो, इथले निलगिरीच्या लाकडावर चालतात. गाव कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहे. विषुववृत्त इतकं जवळ असूनही रात्री घोंगडं लागतं. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने जवळजवळ बाराही महिने पाऊस येतो, बहुतेक दुपारनंतर, आणि कधी कधी गारा घेऊनच. गारा पडल्या की पुढचे काही आठवडे त्या मळ्यात खुडायला काही उरत नाही.

केरिचो शहराभोवती कंपन्यांचे मोठे मळे आहेत, आमच्याकडे मात्र एकर-अर्ध्या एकरवाले. देशभरात असे सहा लाखांहून जास्त लहान चहाशेतकरी आहेत. केनिया टी डेव्हलपमेंट एजन्सी त्यांचे कारखाने चालवते. १९६४ साली ती सरकारी होती, २००० साली खासगी झाली. आता कारखान्यांचे भागधारक शेतकरीच आहेत. आपल्या सहकाराची आठवण येतेच.

शेजारच्या मावशी पहाटे मळ्यात उतरतात. दोन पानं आणि एक कळी, तेवढंच खुडायचं. दुपारी पाठीवरची टोपली घेऊन रस्त्याकडेच्या खरेदी केंद्रावर येतात, गोणपाटावर पाला पसरतात, जाड पानं वेचून बाजूला काढतात. मग पोतं काट्याला लागतं आणि मावशी आकड्यावरून नजर हलवत नाहीत. छापील पावती हातात आल्यावरच ती घडी घालून कमरेला खोचतात. पाला त्याच दिवशी कारखान्यात पोचला पाहिजे. पावसाने रस्ता चिखल झाला आणि ट्रक अडकला, तर पोत्यातला पाला गरम होऊन लालसर पडतो. त्या दिवशी केंद्रावर कोणी फारसं बोलत नाही.

पैसे दोनदा मिळतात. दर महिन्याला किलोमागे ठरलेला दर बँकेत किंवा सॅकोत जमा होतो, सॅको म्हणजे आपली पतसंस्था. जूनला वर्ष संपलं की हिशेब होतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास उरलेली रक्कम 'बोनस' म्हणून येते. शाळेची फी, पत्रे, गाय, सगळं बोनसवर ठरतं.

मेहुण्याने एवढंच ऐकलं होतं. पण मावशींची झाडं दर आठ-पंधरा दिवसांनी खुडायला येतात, म्हणून महिन्याचा पैसा जमतो. आमच्या बाबांचा आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असायचा. खत, पाणी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या एका तोडीवर. एका वर्षी पहिल्या उचलीनंतरची रक्कम इतकी लांबली की बहिणीचं लग्न पुढे ढकलावं लागलं. बाबा महिनाभर पारावर गेले नाहीत. ऊस नियंत्रण आदेश कारखान्याला पैसे चुकते करायला १४ दिवसांची मुदत देतो आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याजही सांगतो. ती मुदत कुणावर उपकार म्हणून घातलेली नाही. एकदाच पिकणाऱ्या मालाला हप्ते लावणं म्हणजे कारखान्याचं खेळतं भांडवल शेतकऱ्याकडून बिनव्याजी घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चहाचं सगळं बरं चाललंय असंही नाही. मोंबासाच्या लिलावात भाव पडला की बोनस घटतो, आणि रिफ्ट दरीच्या पूर्वेकडच्या कारखान्यांपेक्षा आमच्या पश्चिमेकडच्यांना बहुधा कमीच मिळतो. कुठे दर्जाचं कारण सांगतात, कुठे न विकलेल्या साठ्याचं. भागधारक असूनही शेतकऱ्याला पूर्ण हिशेब दिसत नाही, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये इथे संताप उसळतो. मेहुण्याला केनियातून काही उचलायचंच असेल तर त्याने हा संताप बघावा. आणि तो काटा बघावा, शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरचा, गावातलाच. आपल्याकडे ऊस वीस-तीस किलोमीटर जातो आणि वजनाची पावती मागाहून येते.

परवा मावशींनी भोपळ्यातलं मुर्सिक पाजलं, कोळशाचा वास असलेलं आंबट दूध. मग पत्र्याचा डबा उघडून वर्षभराच्या पावत्या चटईवर मांडल्या आणि मला बेरीज करायला बसवलं. कारखान्याच्या आकड्याशी सव्वीस किलोंचा फरक निघाला. सोमवारी त्या पावत्या घेऊन त्या केंद्राच्या समितीकडे जाणार आहेत. मीही सोबत जातोय.