लॅब घ्या, पण आधी हे वाचा

कुठल्या जातीचा कुत्रा पाळावा यावरच्या एका लेखात म्हटलंय की घरात लहान मुलं असतील तर डोळे झाकून लॅब्राडोर (म्हणजे लॅब) घ्या, मला अर्धंच पटलं. लॅब स्वभावाने गोड यात वादच नाही, पण पूर्ण वाढला की 25 ते 36 किलोचा होतो आणि डोक्याने मात्र दोनेक वर्षं पिल्लूच राहतो, आमचा नुसता आनंदाने अंगावर आला तरी 3 वर्षांची पोरगी धपकन खाली बसायची. केस गळतात ते वेगळंच. बॉर्डर कॉली हुशार म्हणून घेणाऱ्यांनी तर दहादा विचार करा, ती मेंढ्या वळणारी जात, मुलं पळायला लागली की त्यांनाही वळवायला बघते, टाचेला तोंड लावते, आता यात तिची काय चूक? बीगल आकाराने बरा, पण एकदा कसला वास लागला की हाका मारून घसा बसेल तुमचा. आणि 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू अजिबात घेऊ नका, चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. मुलांनाही सांगून ठेवा, कुत्रा जेवत असेल किंवा झोपला असेल तर हात लावायचा नाही. गुरगुरला म्हणून त्याला ओरडू नका हो, ती सूचना असते, ती बंद केलीत तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल.